खराट्याचे फराटे

ता. ३ जानेवारी

ती. सौ. वन्संच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोन सासूबाईंच्या उशाशी असतो. डोळ्यांनी त्यांना दगा दिला, पण त्याची भरपाई कानांनी केली आहे. आम्ही सगळे खुशाल. जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते म्हणून हसू नका, चांगला कागद असताना नवा कशाला.

बातमी अशी की हॉलची फरशी दुरुस्तीला काढली. तुमच्या बंधूंनी पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात म्हणत आठ वर्षं काढली. मधला हिरवा तुकडा पायाखाली डुगडुगायला लागला होता. परवा त्याच्याच कडेवर ह्यांचा अंगठा ठेचकाळला आणि हे मटकन खाली बसले, तेव्हा कुठे कारागिराला निरोप गेला. मी म्हटलं, स्वतःला लागल्याशिवाय पुरुषांना घरातलं मोडलेलं दिसत नाही. अंगठा टम्म सुजलेला, तरी हसले.

कारागीर वयस्क आणि मितभाषी आहे. जुन्या घरांमधल्या संगमरवरी फरश्याच तेवढ्या करतो. पहिल्या दिवशी त्याने यंत्र आणलंच नाही. लाकडी दांड्याने एकेक तुकडा ठोकत, कान देत हिंडला आणि पोकळ वाजेल त्यावर खडूने फुली मारली. सासूबाई खुर्चीत बसून त्याच्या आधीच पोकळ, भरीव असं सांगत होत्या. मग त्यांनी सगळी कथाच सांगितली. मामंजी दुसऱ्यांच्या घरी फरश्या घालायचे, उरलेले तुकडे मालकांना विचारून आणायचे आणि आपला हॉल त्यातून सतरा वर्षांत पुरा झाला. पांढरे बँकेचे, गुलाबी डॉक्टरांकडचे, हिरवा नाटकगृहाच्या जिन्याचा. ते ऐकून कारागीर दाराशी गेला आणि वहाणा काढून आला.

शेवटी तो दारापासून खिडकीपर्यंतच्या त्या पांढुरक्या, निस्तेज पट्ट्यापाशी आला. ओला अंगठा फिरवून त्याने विचारलं की इथे काय सांडलं होतं. दगड किती खोल जळला ते कळल्याशिवाय घासणी ठरवता येत नाही म्हणे. सासूबाईंनी लगेच सांगून टाकलं, हा आमच्या लेकीचा प्रताप, बावीस वर्षांपूर्वीचा. ह्यांनी मला सांगितलं की ताईला विचारून घे, नक्की काय होतं ते. म्हणून विचारते. आठवत नसेल तर राहू द्या. खरंच राहू द्या.

लोभ आहेच, तो असाच राहावा.

आपली,
वहिनी


ता. ९ जानेवारी

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

धाकट्याच्या अंगठ्याची बातमी वाचून मला काही वाईट वाटलं नाही. लहानपणी तो त्याच हिरव्या तुकड्यावर घसरून पडायचा आणि माझं नाव घ्यायचा. त्याला सांग, आता नाव घ्यायला मी तिथे नाही.

आठवत नसेल असं कसं म्हणतेस? अर्धं लिंबू. सासरी फरशी साधी, पुसायच्या फडक्याला कुबट वास येतो म्हणून बादलीत लिंबू पिळायची मला सवय लागली होती. माहेरी आले होते त्या सकाळी हात सवयीने गेला. पिळल्यावर भानावर आले. आंबट लागलं की संगमरवर जळतो हे मला बोलता यायला लागल्यापासून पाठ, बाबांच्या घरी लिंबाची बीसुद्धा खाली पडू द्यायची नाही. बादली ओतून टाकायला हवी होती. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय! पुसलं आणि बाजारात गेले.

परत आले तर बाबा पट्ट्याच्या कडेला उकिडवे बसलेले, तू स्वयंपाकघराच्या दारात. बाबांनी मान वर न करता विचारलं, फरशी कोणी पुसली. मी म्हटलं, मी. पुढचं तू ऐकलंच आहेस. ज्या पोरीला दगड कळत नाही ती माझी पोर नव्हेच, म्हणाले. वहिनी, लग्नाआधी चार वर्षं मी त्यांच्याबरोबर कामावर जात होते गं. शेवटची हाताची घासणी ते माझ्याशिवाय कोणाला करू द्यायचे नाहीत. म्हणून ते वाक्य असं बसलं.

दुसऱ्या दिवशी निघाले ती निघालेच. बाबांच्या आजारपणात दवाखान्यापर्यंत आले, घराची पायरी काही चढले नाही. तुम्ही बोलवत राहिलात, मी कारणं देत राहिले. कारण एकच होतं, त्या पट्ट्यावर पाय टाकायची हिंमत नव्हती.

आता कारागिराला नीट विचार, पूर्ण निघेल का? आईला दिसत नसलं तरी तिच्या तळपायाला कळेल. ती एकदा त्यावरून चालून म्हणाली की आता काही नाही, की मी येते. निघणार नसेल तर मात्र पुन्हा बोलावू नकोस.

लोभ ठेव, मी त्याला पात्र नसले तरी.

तुझी,
वन्सं


ता. १५ जानेवारी

ती. सौ. वन्संच्या चरणी,
सा. न.

वि. वि. लिहायला हात धजत नाही. विनंती कुठल्या तोंडाने करू?

तुमचं उत्तर मी कारागिराला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. म्हणाला, टोपलीभर लिंबं पिळली तरी असं होणार नाही. मग हॉलच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि हातदिवा जमिनीलगत आडवा धरला. उजेड फरशीवरून सरपटत गेला, आणि वन्सं, बावीस वर्षं उभ्याने न दिसलेलं मला दिसलं. पट्टाभर फराटे, कमानीसारखे, एकाला लागून एक. कारागीर म्हणाला की हे संडास धुवायचं ॲसिड आहे. ओतलं आणि खराट्याने पसरवलं. त्याने उजव्या हाताने ते फराटे गिरवून पाहिले, जमेनात. डाव्या हाताने गिरवले, तंतोतंत जमले.

घरात दुसरं कोणी नव्हतं, सासूबाई आत पडल्या होत्या. मी त्याच्यासाठी पाणी आणलेलं. पेला पुढे केला तो डाव्या हाताने. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला, पाणी प्यायला, पेला ठेवला आणि यंत्राची वायर सोडवायला लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी तुम्ही बाजारात गेल्यावर मी लोखंडी कपाट थोडं सरकवलं होतं. त्याच्या पायाचा गंज दगडावर गोल उमटलेला दिसला. माझ्या लग्नाला दुसरंच वर्ष. मामंजी यायच्या आत डाग काढून शाबासकी घ्यावी असं मनात आलं. न्हाणीघरात ॲसिडची अर्धी बाटली पडून होती. आहे ते वापरावं, नवीन पूड कशाला आणा, हा माझा स्वभाव तेव्हाही असाच. ओतल्यावर फेस आला. मला वाटलं, मळच निघतोय. मी आनंदाने आणखी ओतलं, दारापर्यंत, म्हटलं सगळंच एकसारखं लख्ख होऊ दे. वाळलं तेव्हा तेज गेलं होतं. मला दगडाचं काही शिकवलेलं नव्हतं, पण मोठं काहीतरी बिघडलंय एवढं कळलं. कपाट परत जागेवर ढकललं आणि खराटा धुऊन ठेवला.

मामंजींनी विचारलं, फरशी कोणी पुसली. ॲसिड कोणी टाकलं असं नाही विचारलं. तुम्ही मी म्हणालात आणि मी सुटले. तुमच्या लिंबाचं मला परवाच्या पत्रापर्यंत ठाऊकच नव्हतं. मी समजत होते, वहिनी नवी आहे म्हणून वन्संनी पांघरूण घातलं. मनातल्या मनात तुमचे उपकार मानत राहिले आणि गप्प राहायला तेवढं निमित्त पुरलं. तुम्ही यायच्या थांबलात तेव्हा तरी शहाणं व्हायला हवं होतं.

रोज देवापुढे बसते तेव्हा तो पट्टा पाठीशी असतो. देवाला सगळं कधीच सांगून झालंय. त्याला सांगणं सोपं, तो पत्राचं उत्तर पाठवत नाही.

कारागीर म्हणतो, पूर्ण निघेल. यायचं की नाही ते आता तुम्ही ठरवा.

लोभ मागत नाही.

अपराधी,
वहिनी


ता. २२ जानेवारी

सौ. वहिनीस,

आशीर्वाद नंतर लिहीन.

तुझं पत्र वाचलं आणि घडी करून डब्यात ठेवलं. तीन-चार दिवस इथे कोणाशी धड बोलले नाही. सूनबाईने विचारलं, माहेरी सगळं ठीक ना. काय सांगू?

अर्ध्या लिंबासाठी मी बाप गमावला असं मी समजत होते. माझ्या मुलीला, सुनेला, कोणालाही कधी फरशीवरून बोलले नाही, का ते तुला आता कळेल. तू तिथे त्याच घरात बाबांना रोज जेवायला वाढत होतीस, वहिनी. रोज. एका घासालाही तुला सांगावंसं वाटलं नाही?

मला दुसरं काही नको. आईला सांग. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला लेकीचा प्रताप म्हणून सांगते ना, तिला सांग. धाकट्यासमोर सांग, त्या कारागिरासमोर सांग, आणि पत्रातल्यासारखं लांबण न लावता सांग.

वन्सं


ता. २८ जानेवारी

चि. सौ. लेकीस,
अ. उ. आ.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, बोलणं माझं. तिला बजावलंय की मी सांगेन तसं लिही, गाळलंस तर मला ऐकू येतं.

तिने परवा सकाळी यंत्र थांबवायला लावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. तुझा भाऊ भिंतीला टेकून उभा राहिला. ती रडली. मी रडले नाही, कारण मला ठाऊक होतं.

तुझ्या बाबांनी त्याच संध्याकाळी ओळखलं होतं. जन्मभर दगड घासलेला माणूस, त्याला फराटे दिसणार नाहीत? तू उजव्या हाताची. स्वयंपाकघराच्या मागे येऊन मला म्हणाले, सूनबाईने ॲसिड घातलंय. मी म्हटलं, मग आपल्या पोरीवर का ओरडलात? तर म्हणाले, ती परक्याची पोर, नवी आहे, तिला बोललो तर मनात धरून बसेल. आपली आहे ती सोसते. मोठ्याने बोललो ते सूनबाईच्या कानांवर गेलंय, उद्यापर्यंत आपणहून येऊन सांगेल बघ.

त्यांना वाटलं, तू काही केलेलंच नाहीस हे तुला माहीत आहे, म्हणजे तुला त्यांचा कावा कळला. तू मी म्हणालीस तेव्हा आतून खूशही झाले, पोरगी हुशार, बापाला साथ देते म्हणून. लिंबाचं त्यांना काय ठाऊक! सकाळी तू न जेवता निघालीस तेव्हा चेहरा उतरला. मी म्हटलं, दोन ओळी लिहा. म्हणाले, आधी तिचं येऊ दे. तुझं आलं नाही, त्यांनी लिहिलं नाही. दोघं एकाच खाणीतली.

मी का बोलले नाही, तेही सांगते. मला दिवस हिच्याबरोबर काढायचे होते. हिला दुखवून याच घरात म्हातारपण कसं काढू? तू काय, लांब असलीस तरी माझीच, असं धरून चालले. आणि लोकांना खोटं सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. (ही इथे लिहायची थांबली होती. मी रागावले, मग लिहिलं.)

काल अनवाणी त्या पट्ट्यावरून चालले. अजून खरखरीत आहे.

आई

ता. क. वरचं सगळं सासूबाईंच्या तोंडचं. मी एक शब्द बदललेला नाही. — वहिनी


ता. ६ फेब्रुवारी

ती. आईस सा. न., सौ. वहिनीस अ. उ. आ.

पत्र दाराच्या पायरीवर बसूनच वाचलं, आत जाईपर्यंत धीर निघाला नाही. कोणावर चिडू तेच कळेना. एक गेलेले, एक चौऱ्याऐंशीची, आणि एक स्वतःविरुद्धची साक्ष स्वतःच्या हाताने लिहून पाठवणारी.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी बाबा माझा उजवा हात उलटापालटा करून बघत होते. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होते. मला वाटलं, ग्लानीत आहेत. मी हात सोडवून घेऊन औषध आणायला गेले. आई, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. माझ्याकडेही एक होतं.

वहिनी, तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. लिहायला फार सोपं आहे म्हणूनच लिहीत नाही. तूही आता आणखी क्षमा मागू नकोस, मला वाचवत नाही.

गुरुवारी दुपारपर्यंत पोचते. कारागिराला सांग, बाकीचा हॉल खुशाल यंत्राने पुरा कर, पण दारापासून खिडकीपर्यंतची शेवटची घासणी शिल्लक ठेव. ती हाताची असते आणि या घरात ती माझी आहे. घासायचा बारीक दगड मी घेऊन येते. धाकट्याला कपाट उचलून बाहेर ठेवायला सांग, अंगठा सांभाळून.

माझे गुडघे आता मुडपत नाहीत, वेळ लागेल. दोन दिवस लागोत, चार लागोत. घासणार मी. शेजारी बसून पाणी तू घालायचंस. नुसतं पाणी.

लोभाचं तिथेच बसून बघू.

वन्सं