मेपलचा हिवाळा

मंगळवार, संध्याकाळ

मेपलची पानं पुन्हा कडेनं करपली. वाळक्या फांद्या छाटल्या. उरलेल्या फांद्या नखानं खरवडल्या तर आत हिरवं आहे. मग रुसलाय कशाला? थंड देशातलं झाड, सिंगापुरात थंडी नाही, म्हणून रोज रात्री कुंडी बेडरूमच्या एसीत ठेवतोय. अजून काय करू?

कात्री पुसताना सुनंदाचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. बहिणीला सांगत होती, "एसीनं गुडघे धरतात, म्हणून हॉलमध्ये झोपते. यांना बोलू नकोस, झाडात जीव अडकलाय त्यांचा."

मला म्हणाली होती, हॉलमध्ये वारा छान येतो. तुआसच्या कारखान्यांच्या भागात, माझ्या वर्कशॉपात, मशीनचा सूर जरा बदलला तरी मला कळतो, आणि हे कळलं नाही.

आज कुंडी बाल्कनीतच ठेवली, एसी बंदच. सुनंदाची उशी बेडरूममध्ये आणली.

"अहो, मेपल मरेल."

"इथे राहायचं तर उकाडा सोसायचा. आपण नाही सोसला?"