हंसाबाईच्या ढावलोचं पान

तांडा, पो. दिग्रस
ता. ८ जानेवारी १९६१

चि. नेमसिंग यास किसनसिंगचे अ. उ. आ.

सेवाभायाच्या कृपेने इकडे सर्व ठीक, एक आपली माय, याडी, सोडून. विद्यापीठाचा इतिहास लिहिणाऱ्या साहेबांच्या हाताखाली जुनी दप्तरं झाडायचं काम तुला मिळालं, हे वाचून तुझी वहिनी हसली. घरी कधी झाडू धरला नाही, म्हणते.

याडीने अंथरूण धरलं आहे. डोळे आधीच गेले, आता अन्नही जात नाही. दप्तराचं ऐकल्यापासून तिचा एकच धोशा आहे. आपली थोरली बहीण हंसाबाई सासरी निघाली तेव्हा तू तीन दिवसांचा होतास आणि याडी बाळंतिणीच्या झोपडीत. लेक निघताना आईच्या गळ्यात पडून, स्वतःच्या शब्दांत रडत जो ढावलो म्हणते, तो याडीला ऐकताच आला नाही. लांबून नुसता आवाज आला. वर्षाच्या आत हंसाबाई गेली. शेजारच्या धुरपताबाईला विचारलं, तर म्हणते की आम्हीच एवढ्या रडून राह्यलो होतो, शब्द कोणाले ध्यानात राह्यते. मी बारा वर्षांचा होतो, पण सगळं लक्ष लापशीवर. अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दिवशी विद्यापीठाची माणसं तांड्यातली गाणी वह्यांत उतरवत होती. याडी वीस वर्षं त्याच आशेवर आहे. तिचं म्हणणं, हंसीचं बोलणं मोठ्या घरात लिहून ठेवलं हाय, नेम्याले म्हणा मले वाचून दाखव, मंग मी सुखानं जाते. लवकर शोध.

माया आहेच, ती पत्रात मावत नाही.
किसनसिंग

वसतिगृह, खोली ११
ता. २ फेब्रुवारी १९६१

ती. किसनदादांस नेमसिंगचा सा. न. वि. वि.

हे पत्र याडीपुढे वाचू नका.

स्वतःची माणसं गाणी उतरवत तांड्यांतून फिरली होती, हे विद्यापीठालाच ठाऊक नाही. यादीत नोंद नाही, साहेब तर म्हणाले असं काही झालंच नव्हतं. शेवटी मोडक्या बाकांखाली नऊ गठ्ठे सापडले. सहा वाळवीने खाल्लेले. सातव्यात आपल्या तांड्याची वही निघाली.

होळीच्या लेंगी आहेत, जात्यावरची गाणी आहेत, अक्षर मोत्यासारखं आहे. हंसाबाईच्या लग्नाच्या तारखेखाली एवढंच आहे: वधू निघताना रडते. नेहमीचेच. उतरून घेतले नाही.

दादा, माझ्या जन्मापायी याडीला ते ऐकता आलं नाही. निदान वाचून तरी दाखवीन म्हटलं होतं. आता तिला तोंड कसं दाखवू?

माझ्यावर राग नसावा.
नेमसिंग

तांडा, पो. दिग्रस
ता. ९ फेब्रुवारी १९६१

चि. नेमसिंग यास अ. उ. आ.

पोस्टमनने दारातूनच तुझं नाव पुकारलं. याडी उठून बसली, अर्धा तांडा गोळा झाला. मी मनात वाचलं आणि पत्राची घडी घातली. सापडलं म्हणून सांगितलं. वही बाहेर देत नाहीत, हेही ठोकून दिलं. आयुष्यात एवढं मोठं खोटं मी बैल विकतानाही बोललो नाही.

याडी बराच वेळ रडली. मग म्हणाली, आणू नको म्हणा, इथं वाळवी खाईन, तिथंच राहू दे. दोन घास दूधभाकर खाल्ली. आता येईल त्याला सांगते, माही हंसी मोठ्या घरात हाय.

पण सकाळपासून विचारते, हंसी किती रडली, किती पानं भरली, नेम्याले विचार. मी काय सांगू? दिवस थोडे आहेत, उलट टपाली लिही.

किसनसिंग

वसतिगृह, खोली ११
ता. १३ फेब्रुवारी १९६१

ती. किसनदादांस सा. न. वि. वि.

साहेबांना विनवलं, इतिहासात या वह्यांचं एक वाक्य तरी घाला. त्यांनी गठ्ठे परत बाकांखाली ठेवायला सांगितले. मीच ठेवले.

याडीला एक पान सांगा. अख्खं पान. हे खोटं नाही, दादा. त्या ओळीखाली त्यांनी पुढचं काही लिहिलं नाही, सगळं पान कोरं सोडलं आहे. मी त्यावरून हात फिरवून पाहिला.

शनिवारच्या मोटारीने निघतो. तोवर तिला माझ्यासाठी थांबवा.

तुमचा
नेमसिंग