टिंबाच्या फायलींची वाटणी

मी, खाली अंगठा देणार शालन यल्लाप्पा कुरणे, वय ४७, धर्म बौद्ध, पूर्वी एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची सहायक, राहणार कळंबा रोड, कोल्हापूर, हे मृत्युपत्र लिहवून ठेवते ऐसा जे की, माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती नको तितकी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. थोरल्या भावाने तसा प्रयत्न केला, तो मी मानला नाही. हात मात्र गेले. स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे आणि आता तो जिभेवर आला आहे. माझे बोलणे लॅबचा शिपाई ज्ञानू चौगुले याला तेवढे कळते. मी सांगते, तो दोन बोटांनी टाइप करतो. चुका त्याच्या, मजकूर माझा.

कलम १. कळंबा रोडवरची दोन खोल्यांची जागा माझ्या स्वकष्टाची आहे. ती भाऊ प्रसेनजीत, ज्याला मी आण्णा म्हणते, त्याला मिळावी, पण एका अटीवर. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला नातेवाईक जमले की त्याने उभे राहून म्हणावे, "आमचे बाबा दारू पीत नव्हते." तो हे म्हणेपर्यंत किल्ली ॲड. विश्वजित सावर्डेकर यांच्याकडे राहील. म्हटले नाही तर जागा विहाराच्या अभ्यासिकेला द्यावी.

कारण लिहून ठेवते. आमचे वडील यल्लाप्पा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत साचे करीत. १९८१ पासून त्यांच्या हातून वस्तू सुटू लागल्या. आधी हातोडी, मग चहाचा कप, मग चालताना तोल जाऊ लागला. लोक म्हणाले, यल्लाप्पा पिऊन येतो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला आणि त्यातली दारूची शेवटपर्यंत पाळलेला माणूस तो. बाबा गेल्यावर आण्णाने लोकांचेच खरे ठरू दिले. दारुड्याच्या मुलाला मुलगी मिळते, घराण्यात आजार असला तर मिळत नाही, असा त्याचा विचार. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि तेच चालू दिले.

कलम २. पेठ वडगावच्या माझ्या रविवारच्या वर्गातले दोन टाइपरायटर आणि एक कॉम्प्युटर तिथल्या मुलींसाठी तिथेच ठेवावेत. शिल्लक आजारपणात संपली. उरलीच तर अंत्यविधीला वापरावी. त्रिसरण, पंचशील म्हणावे. हार नकोत.

कलम ३. आता टिंबाच्या फायली. कॉलेज, घर आणि वडगाव, अशा तीन ठिकाणी मी काम करी आणि तिन्ही कॉम्प्युटर आपापल्या तऱ्हेने वागत. कोणते बटण काय करील, अक्षर केवढे दिसेल, कोणत्या लांबलचक आज्ञेला कोणते आखूड नाव, या माझ्या सगळ्या सवयी काही छोट्या फायलींत लिहिलेल्या असतात. त्यांची नावे टिंबाने सुरू होतात, म्हणून साध्या यादीत त्या दिसत नाहीत. १९९८ साली मी त्यांच्यासाठी लॅबच्या युनिक्स प्रणालीत दोन आज्ञा तयार केल्या. काळ्या पडद्यावर "ने" असे टाइप केले की इथला बदल कॉलेजच्या सर्व्हरवर जातो, तारखेसह आणि एका ओळीच्या कारणासह. "आण" म्हटले की तोच बदल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरतो. आमचे विभागप्रमुख म्हणाले होते, टाइपिंगच्या बाईंना युनिक्स कशाला हवे. पुढे स्वतःच्या फायली त्यांनी माझ्याकडूनच लावून घेतल्या. नाव लिहीत नाही, निवृत्त झाले आहेत.

कलम ४. घरचा कॉम्प्युटर, टेबल आणि पंखा ज्ञानूला द्यावा. त्याला काही मिळणार आहे म्हणून तो साक्षीदार नाही, फक्त लेखनिक आहे. मी त्याच्यावर अन्याय केला आहे, तो असा.

१४ जुलै २००४ ची माझी नोंद आहे: "लॅब. डावी शिफ्ट अडकते. कीबोर्ड बदलायचा आहे." कीबोर्ड बदलला, तरी अडकतच राहिली. लॅबमध्ये चहा ज्ञानू आणायचा. त्यानेच सांडला असणार, असे मी धरून चालले आणि लेखी तक्रार केली. त्याला लॅबमधून काढून आठ महिने गेटवर उभे केले, भर पावसाळ्यात सुद्धा. २ ऑगस्टची नोंद: "घर. डावी शिफ्ट अडकते." २२ ऑगस्टची: "वडगाव. डावी शिफ्ट अडकते." ज्ञानूने वडगावचा वर्ग कधी पाहिलाही नव्हता. तीन कीबोर्ड एकाच बटणाला कसे बिघडतील, हा साधा प्रश्न मला पडला नाही. मी शिफ्टचे काम उजव्या अंगठ्याकडे दिले, "ने" म्हटले आणि तिन्ही ठिकाणी सगळे सुरळीत झाले. डावी शिफ्ट डाव्या करंगळीने दाबतात. माझी करंगळी मरत होती आणि मी तिच्यावाचून चालेल अशी सोय करत होते.

२००५ च्या फेब्रुवारीत मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. त्याच दिवशी तक्रार मागे घ्यायला हवी होती. लाज वाटली म्हणून घेतली नाही. गेल्या वर्षी ज्ञानू आपण होऊन घरी आला. मी माफी मागितली तेव्हा म्हणाला, "बाई, च्या म्या सांडलाच न्हवता. पर तुमी लिवलं, तवा मलाच वाटाय लागलं, सांडला आसंल की." हे वाक्य टाइप करायला तो तयार नव्हता. मी करायला लावले.

कलम ५. आण्णाची मुलगी अक्षता, वय २३, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिला टाइपिंग मी शिकवले. २००३ साली पुण्याला जाताना तिने माझ्या फायलींची प्रत नेली. त्याच सर्व्हरवर तिचा स्वतंत्र कप्पा आहे. माझ्या फायली तिलाच द्यायच्या, त्यात वाद नाही. प्रश्न नोंदींचा आहे. कोणते बोट कधी गेले ते त्यांत दिवसानिशी आहे. करंगळी, अनामिका, मग उजवा हात, शेवटी एकाच बटणावर चालणारी मांडणी.

डॉक्टर म्हणाले, बापामागून लेक म्हणजे हे रक्तातून आलेले असू शकते. एखाद्याला सोडून त्याच्या मुलांत उतरते, सगळ्यांत उतरतेच असेही नाही. आण्णाचे हात धड आहेत. अक्षताला यातले काही माहीत नाही. आत्याचा मणका गेलाय, एवढेच तिला सांगितले आहे.

यंदा मार्चमध्ये आण्णा आला. म्हणाला, "शाले, पोरीचं ठरत आलंय. तुझ्या त्या नोंदीबिंदी काय आसतील त्या पुसून टाक. बाबा दारूनं गेलं, तुझा मणका गेला. लोकास्नी एवढंच ठावं हाय, एवढंच ऱ्हाऊ दे की." मी विचारले, पोरीला तरी सांगायचे ना? "तिला कळून काय हुणार हाय? औषध हाय का त्येच्यावर?" औषध नाही.

तेव्हा असे ठरवते की, फायली अक्षताला द्याव्यात आणि नोंदी सीडीवर घेऊन ॲड. सावर्डेकर यांनी बंद ठेवाव्यात. तिने आपण होऊन मागितल्या तरच द्याव्यात. हे कलम तिला वाचून दाखवू नये.

इथपर्यंत गुरुवारी झाले.

कलम ६. वरील कलम ५ रद्द. काल शुक्रवारी ज्ञानूला म्हटले, सीडी करायच्या आधी एकदा "आण" दे, सगळे कप्पे उतरू देत. माझ्या कप्प्यात नवे काही नव्हते. अक्षताच्या कप्प्यात एक नोंद होती. ज्ञानू ती वाचायला लागला आणि थांबला. "बाई, ह्ये तुमचंच जुनं हाय वाटतं." मी म्हटले, तारीख वाच. ९ सप्टेंबर २००८.

"ऑफिस. डावी शिफ्ट अडकते. कीबोर्ड बदलायचा आहे."

मी ती दोनदा वाचायला लावली. मग रडले. डोळे ज्ञानूने पुसले.

कदाचित तिचा कीबोर्डच बिघडला असेल. कोणी तरी खरोखर चहा सांडलेला असू दे, एवढेच मी कालपासून मागते आहे.

फोनवर माझे बोलणे तिला कळत नाही. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात हे मला ठाऊक आहे, पण हे कलम त्याला अपवाद. साक्षी झाल्या की ज्ञानूने ते आजच अक्षताच्या कप्प्यात घालावे, माझ्या सगळ्या नोंदींसह. ऑफिसात बसली की ती पहिल्यांदा "आण" म्हणते आणि कारणाची ओळ तिच्या पडद्यावर येते. आण्णाची परवानगी लागत नाही.

अक्षता, साडेतीन वर्षे मी गप्प बसले ते तुझ्या भल्यासाठी, असे कोणी सांगितले तर खरे मानू नकोस. मला भीती वाटत होती. शिफ्टचे काम दुसऱ्या बोटाला देऊ नकोस. कोणा गरिबावर आळ घेऊ नकोस. डावी करंगळी डॉक्टरांना दाखव आणि आजोबांचे, माझे, दोघांचेही सांग. लग्न करायचे की नाही ते तू ठरव, आण्णाने ठरवू नये. आणि ये. मी आहे तोवर ये.

येणेप्रमाणे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, मी मान हलवून कबूल केले. आमच्या घरात अंगठा सोडून सही करायला पहिल्यांदा बाबा शिकले होते. मी अंगठ्यावर परत आले आहे.

ठिकाण: कोल्हापूर. शनिवार, दिनांक १३ सप्टेंबर २००८.

शालन यल्लाप्पा कुरणे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१) डॉ. वर्षाराणी पाटणकर. अंगठा मी धरून उठवला. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.
२) ॲड. विश्वजित सावर्डेकर

लेखनिक: ज्ञानू जोतीराम चौगुले. सांगितले तेच टाइप केले. कलम ६ अक्षताताईंच्या कप्प्यात घातले, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी "ने" दिले. कारणाच्या ओळीत बाईंनी सांगितले ते टाकले: "कीबोर्ड बदलू नकोस. आधी हे वाच. आत्या."