पाणी घराशी आलं तेव्हा

माय, गेल्या हिवाळ्यात मी लेकीकडे इंग्लंडला गेल्ते. समुद्राकाठच्या एका लहानशा गावात ती नर्स आहे. आपल्या घनसावंगीच्या निम्मंही नसेल ते गाव. तिथला किनारा आपल्या गंगेच्या, गोदावरीच्या, काठासारखाच मातीचा आहे, आणि समुद्र तो दर हिवाळ्यात थोडा थोडा खातो. गावातला मोठा रस्ता सरळ जातो आणि एका कुंपणाशी एकदम संपतो. पलीकडे डांबराचा एक तुकडा लोंबतोय, त्यावरचा पांढरा पट्टा अजून तसाच आहे, आणि खाली नुसतं पाणी. पहिल्यांदा तिथं उभी राहिले तेव्हा तुझीच आठवण झाली.

लेकीच्या शेजारी एक म्हातारी एकटी राहायची. माझं मोडकंतोडकं इंग्रजी तिला कसं कोण जाणे, कळायचं. दुपारी चहाला बोलवायची आणि खिडकीतून पाण्याकडे बोट करून गाव सांगायची. तिथं कोळ्यांची आळी होती, त्या पलीकडे तिच्या आजीचं लग्न लागलं ते चर्च, अलीकडे तिची शाळा. मला लाटांशिवाय काही दिसायचं नाही, पण मी मान हलवायचे. मग एका वादळात तिच्या परसातली अर्धी जमीन खाली गेली आणि घर रिकामं करा म्हणून तिला सांगण्यात आलं. त्या दिवशी तिनं चहा केला नाही. तुमच्याकडे कुणावर अशी वेळ आली होती का, एवढंच तिनं विचारलं.

मी तिला तुझं सांगितलं. पुरानं काठ ढासळत ढासळत आपल्या गोठ्याशी आला ते, आणि आबांनी वर सडकेकडच्या जागेत दोन खोल्या बांधल्या ते. निघायच्या सकाळी बैलगाडी दारात उभी आहे, भांडी-अंथरुणं भरून झालीत, आणि तू आत शेणाचा काला करून जमीन सारवतेयस. आबा चिडले होते. "घर सोडून चाललो ना आपण? मंग सारवून कशाला राह्यली?" तू मान वर न करता म्हणालीस, "गंगा घरात येणार हाय. तिला अशा घाणीत घ्यावं काय?" आबा गाडीपाशी जाऊन बसले. तुझं सारवण संपेपर्यंत बैलसुद्धा जुंपले नाहीत त्यांनी.

म्हातारी निघाली त्या दिवशी तिचा मुलगा गाडी घेऊन आला. सामान भरून झालं तरी आई बाहेर येईना, म्हणून तो आत गेला. मी तिथंच होते. ती बादलीत पाणी घेऊन समुद्राकडच्या खिडकीच्या काचा पुसत होती. तो काही बोलणार होता, पण तिनं त्याला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ते मला समजलं नाही. त्यानं कोट काढला आणि दुसरा फडका घेतला. मी ओटा पुसला.

कुलूप लावल्यावर तिनं माझा हात धरून विचारलं, तुझी आई नव्या घरात रुळली का. मी म्हटलं, हो, महिन्याभरात.

माय, वरच्या घरी हापसा दारातच होता. तरी तू रोज संध्याकाळी घागर घेऊन गंगेवर जायचीस आणि परत येऊन सांगायचीस, "मागली भिंत उभी हाय अजून." एका संध्याकाळी तू आलीस, घागर ठेवलीस, चूल पेटवलीस आणि काहीच बोलली न्हाईस. आबांनी विचारलं नाही, मीही नाही. त्यानंतर तू कधी गंगेवर गेली न्हाईस. हे मी त्या म्हातारीला सांगितलं न्हाई. महिन्याभरात, असंच म्हटलं, आणि तिनं ते खरं मानलं.