नलूताईंचा डबा आणि पाणभुंगे

बोरीवली, मंगळवार संध्याकाळ

माझ्या चहाच्या गाळणीचं अपहरण झालंय. आज चहा अक्षरशः चावून प्यालो. शेजारच्या नलूताईंनी ती सोसायटीच्या विहिरीतले दुर्मीळ पाणभुंगे पकडायला नेली. डासांसाठी कमिटी उद्या विहिरीत तेल ओतणार, म्हणजे भुंगेही खलास. "अहो, हेच डासांच्या अळ्या खातात!" त्या मीटिंगमध्ये ओरडल्या. सगळे हसले. मीही.

गाळणी मागायला खाली गेलो. "आयता आलास, बादली धर." धरली. एका भांड्यात ठेवले की एकमेकांना खातात म्हणे. हुबेहूब आमची कमिटी. शेवटच्या भुंग्याला भांडंच उरलं नाही.

गणपतीपासून त्यांचा मोदकांचा डबा माझ्याकडे पडलाय. शेजाऱ्याचा डबा रिकामा कसा परत करायचा, आणि मला रांधता कुठे येतं? आज पाणी भरून, भुंग्यासकट देऊन आलो.