गुहेबाहेरची खुर्ची

प्रिय धाकटे,

तुझं अस्वल मजेत झोपलं आहे. त्याची कसलीही गैरसोय होत नाही. गैरसोय होते ती माझी, आणि ती ऐकून घ्यायला तू सध्या आयती सापडली आहेस. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलंय ना? मग पाठीशी उशी घे आणि सगळं वाच. ‘ताईची नेहमीची कुरकुर’ म्हणून कागद मध्येच बाजूला ठेवायचा नाही.

तू फोनवर विचारलंस, बाळ होईपर्यंत येऊन राहशील का, आणि मी म्हटलं, बघते, शाळेचं काय जमतंय ते. त्याला आता बरेच दिवस झाले. तू पुन्हा विचारलं नाहीस. तुझी ही सवय लहानपणापासूनची, एकदाच मागायचं आणि मग समोरच्याला आपलं आपण शिजू द्यायचं. आई गेल्यापासून हक्काने बोलवावं असं तुला माझ्याशिवाय कोणी नाही. तुझा नवरा सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो, शेजारीण डबा ठेवते आणि दारातूनच परत फिरते, हे सगळं मला माहीत आहे. माहीत असूनही मी ‘बघते’ म्हटलं. उत्तर देणार आहे. पण आधी अस्वल.

तू अशी अचानक रजेवर गेलीस आणि मोठ्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी पहिलीचे दोन्ही वर्ग एक करून टाकले. मधलं लाकडी दार उघडलं, बाकं सरकवली, आणि मला म्हणाल्या, तुमची बहीणच आहे, तुम्हाला वेगळं काय सांगायचं! अगदी बरोबर. बहीणच आहे. या शाळेत तुला आणलं कोणी, तर बहिणीने. मुलाखतीला निघताना तुझा भांग सरळ काढून दिला तो बहिणीने. आणि वर्ष उलटायच्या आत पालक मोठ्या बाईंच्या दारात उभे, आमच्या मुलाला ‘अ’मध्येच घाला म्हणून! ‘ब’ला कोण शिकवतं, तर तीच बहीण. माझ्या वर्गातली मुलं पाणी प्यायला जातो सांगून तुझ्या दाराशी रेंगाळायची. पाण्याचा नळ बरोबर उलट्या टोकाला आहे. हे मी तुला कधी बोलले नाही. रोज तुझ्याबरोबर डबा खाल्ला, तुझ्या वर्गाचं कौतुक ऐकलं, वा वा म्हटलं, आणि आतल्या आत माझा नुसता जळफळाट होत होता.

माझी मुलंसुद्धा वाचायला शिकायची गं. तक्त्यावर पट्टी ठेवायची, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, चुकलं की पुन्हा. सहामाही येईपर्यंत धडे घडाघडा वाचायची. पण सुट्टी लागली म्हणून माझ्या वर्गात आजवर कोणी रडलेलं नाही. तुझ्या वर्गात रडायची. मी स्वतः पाहिलंय, दाराच्या चौकटीला धरून रडणारं पोर, आणि त्याला ओढून नेणारी त्याची आई, आणि शरमून हसणारी तू.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका फ्रिजच्या खोक्यासाठी. खोक्याला लोकर चिकटवली, तोंडाच्या जागी भोक पाडलं, दोन बटणं डोळे म्हणून लावली, झालं अस्वल. कागदाच्या पट्टीवरचा शब्द वाचायचा आणि ती पट्टी त्याच्या तोंडात घालायची. थंडीच्या आधी त्याचं पोट भरलं नाही तर ते झोपेत उपाशी राहील, या एका थापेवर तू वर्गातल्या सगळ्या पोरांकडून वाचून घेतलंस. चुकीचा वाचलेला शब्द त्याला पचत नाही म्हणे! मी तेव्हा बाकीच्या बाईंसमोर म्हणाले होते, ही सर्कस फार दिवस चालायची नाही. मग थंडी पडली, तुम्ही वाजतगाजत त्याला मोठ्या टेबलाखालच्या गुहेत झोपवलंत, वरून घोंगडी सोडली, आणि पुढच्याच आठवड्यात तूही जाऊन झोपलीस.

दोन्ही वर्ग एक झाल्याच्या पहिल्या दिवशी मी ठरवलं, आता आपल्या पद्धतीने. तक्ता लावला, पट्टी घेतली, म्हटलं, सगळ्यांनी एका सुरात, मोठ्याने! तर तुझी ती अख्खी फौज कुजबुजायला लागली. एका सुरातच, पण कुजबुजत. त्यांचं बघून माझी पोरंही कुजबुजायला लागली. मी म्हटलं, घसा बसलाय का सगळ्यांचा? तर म्हणे, बाई, अस्वल झोपलंय. माझं डोकं फिरलं. मी सरळ सांगितलं, अरे, ते पुठ्ठ्याचं आहे. तर पुढच्या बाकावरची ती तुझी वकीलबाई, तीच ती, प्रत्येक गोष्टीत ‘पण का’ करणारी, शांतपणे म्हणाली, ‘माहितीये आम्हाला. पण झोपलंय ना?’

त्या दिवसापासून पहिलीचा सगळा वर्ग हळू आवाजात बोलतो. बाक ओढत नाही, उचलून ठेवतो. मोठ्या बाई एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या, कौतुकाने मान हलवली आणि म्हणाल्या, तुमच्या बहिणीने काय शिस्त लावलीये हो! इतकी वर्षं मी ‘शांत बसा’ म्हणून घसा कोरडा केला, आणि श्रेय गेलं ते झोपलेल्या खोक्याला. तू तर तिथे नव्हतीसही. नसतानाही तूच पुढे, सांग आता मी काय करावं.

तू आखून ठेवलेले सगळे उपक्रम मी घेतले, नाही असं नाही. कागदाचे पंजे कापले, पंजांनी वर्ग मोजला. बाक किती पंजे, फळा किती पंजे. मग पोरांना वाटलं बाईंना मोजावं. मला भिंतीशी उभी केली, एकाने खुर्चीवर चढून वरचा पंजा लावला, सगळ्यांनी कुजबुजत मोजलं आणि निकाल लागला, साडेआठ. लगेच मागून कोणीतरी म्हणालं, आपल्या बाई नऊ भरल्या असत्या. हो बाई, नऊ! तिथेही तूच उंच. कपाळावर हात मारायचा तेवढा राहिला.

मग आला तो पिल्लाच्या वजनाचा धडा. तो तू का ठेवलास कोण जाणे, ठेवलास तेव्हा तुला स्वतःचं कळलेलं होतं की नाही तेही मी विचारलेलं नाही. अस्वलीण गुहेत झोपते तेव्हाच तिला पिल्लं होतात, आणि एवढ्या मोठ्या जनावराचं पिल्लू जेमतेम दोन संत्र्यांइतकं असतं, हे मी वाचून दाखवलं. कोणाचा विश्वासच बसेना. मग तराजू काढला, दोन संत्री एका पिशवीत बांधली, आणि प्रत्येकाने ती पिशवी धरून पाहिली. धाकटे, तू असायला हवी होतीस. म्हणजे नव्हतीस तेच बरं झालं. रोज एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालणारी पोरं ती, दोन्ही हातांची ओंजळ करून पिल्लू पुढच्याकडे देत होती, पुढचा नीट धरेपर्यंत मागचा सोडत नव्हता. फिरत फिरत ते माझ्यापर्यंत आलं. मी घेतलं. आणि मला फळ्याकडे तोंड करून उगाचच तारीख पुसून परत लिहावी लागली. मधल्या सुट्टीत एकाने पिल्लू सोलून खाल्लं म्हणून फार मोठं भांडण झालं, तेही कुजबुजत. त्या भांडणाने मला वाचवलं.

तू कधी विचारत नाहीस, म्हणून मीही सांगत नाही. आमच्या घरात ती मधली खोली आहे ना, जिथे आता इस्त्रीचं टेबल आहे, तिला फिकट पिवळा रंग मी हौसेने दिला होता. तेव्हा तू कॉलेजात होतीस. रंग अजून चांगला आहे, कारण त्या खोलीत भिंतीला हात लावणारं कोणी आलंच नाही. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, मग एक दिवस तुझे भावजी आणि मी न बोलताच ठरवून टाकलं की आता पुरे. त्यानंतर मी दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसण्यात समाधान मानलं. खरंच मानलं होतं. मग तू आलीस आणि ती पोरंही तुझ्या दाराशी जाऊन उभी राहिली. आणि मग तुझा फोन आला, गोड बातमी म्हणून. मी ‘अगं बाई!’ म्हटलं आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. तुला ते तेव्हाच कळलं असणार, मला खात्री आहे. तू परत फोन केलास तेव्हा दुधाचं काही विचारलं नाहीस, आणि त्याचाही मला राग आला. माझ्यावर दया दाखवायची ती तू कोण?

आता परवाचं ऐक. शेवटच्या तासाला वकीलबाईने हात वर केला. अस्वलीण गुहेत झोपल्यावर बाहेर कोण बसतं, असं तिचं म्हणणं. मी पुस्तकात आहे तसं सांगितलं, कोणी नाही बसत, ती एकटीच असते. मग पिल्लू आल्यावर तिला पाणी कोण देतं? कोणी नाही. भीती वाटली तर? मी म्हटलं, अस्वलाला कसली आलीये भीती! तिने थोडा विचार केला, उठली, कोपऱ्यातली छोटी खुर्ची उचलली आणि गुहेच्या घोंगडीसमोर नेऊन ठेवली. तिथेच पाठ ताठ करून बसली. कोणी हसलं नाही. उलट पुढच्या वेळी कोण बसणार यावर नंबर लागायला लागले. आणि बसल्या बसल्या तिने मला विचारलं, ‘आपल्या बाईपण झोपूनच आहेत ना? त्यांच्या बाहेर कोण बसलंय?’

मी म्हटलं, त्यांच्या घरचे असतात. ‘पण तुम्ही त्यांच्या ताई ना? मग तुम्ही इथे काय करताय?’ मी म्हटलं, तुम्हाला शिकवतेय, दिसत नाही? तर म्हणते कशी, ‘आम्हाला मोठ्या बाई शिकवतील की.’ आणि सगळा वर्ग माना डोलावायला लागला. बघ म्हणजे, मला घालवायला पहिलीचा वर्ग एका पायावर तयार आहे! ‘बाई, तुम्ही जाऊ नका’ असं एकही पोर म्हणालं नाही. तुझ्यासाठी चौकट धरून रडतात, आणि मला तुझ्याकडे हाकलतात.

घंटा झाली, पोरं गेली. मी वर्ग आवरत होते. खरं सांगू? मनात आलं होतं की ती घोंगडी ओढावी, खोक्याचं पोट फाडून पट्ट्या बाहेर काढाव्यात, आणि उद्या पोरांना सांगावं, उठलं बरं का तुमचं अस्वल, मी उठवलं. कात्री हातात होती. पण आधी जरा टेकावं म्हणून त्या खुर्चीवर बसले. पहिलीची खुर्ची ती, गुडघे हनुवटीला लागले. समोर घोंगडी, आत ते पोट भरून झोपलेलं ध्यान. बराच वेळ बसले. वर्गात कोणी नव्हतं, तरी खोकला आला तो मी तोंडावर हात धरून खोकले. मग उठायला गेले तर उठताच येईना. शेवटी झाडायला आलेल्या मावशींनी हात दिला. काय झालं बाई, म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, रजा मागायची आहे.

तर हे पत्र त्यासाठी. फोनवर सांगायला गेले असते तर पुन्हा दूध उतू गेलं असतं. रजा मंजूर झाली आहे, वर्ग मोठ्या बाई घेतील, अस्वल तू परत येईपर्यंत झोपणार असं पोरांनी ठरवलंय आणि मी मध्ये पडलेले नाही. तुझे भावजी बॅग झटकून पलंगावर ठेवून गेले. येत्या रविवारी येते. पण एक गोष्ट आताच ऐकून ठेव, म्हणजे नंतर तोंड पाडून बसायला नको. मी जळतच येतेय. तुझं पोट पाहून माझ्या पोटात दुखणार आहे, छोट्या छोट्या झबल्यांच्या घड्या करताना मी गप्प होणार आहे, एखाद्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटणार आहे. त्या वेळी ‘ताई, काय झालं’ म्हणून उठून यायचं नाही, तशीही तुला उठायची परवानगी नाही. बाळ आलं की आधी तू घे, मग त्याचा बाप घेईल, आणि मग मला दे, आणि मी नीट धरेपर्यंत तू सोडू नकोस. तोवर मी बाहेर बसलेली आहेच. तुझ्या खोलीच्या दाराशी एक खुर्ची टाकून ठेव. मोठ्या माणसाची टाक.

तुझीच,
साडेआठ पंजांची ताई