स्टेशनमास्तरांना शहर दाखवलं त्याची हकीकत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा रक्तदाब? (वाढलेला असेल तर हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नकोस. नसेल तर मुळीच पडू देऊ नकोस.) इकडे मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. बाकी, पाहुणे गेल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तू कळवलंस की मुलाचे आईवडील इकडे फिरायला येताहेत, त्यांना शहर दाखव, आपली माणसं कशी आहेत ते त्यांना बघू दे, म्हणजे पोरीचं स्थळ पक्कं होईल. एवढी जोखीम तू माझ्या गळ्यात बांधलीस, पण मुलाचे वडील निवृत्त स्टेशनमास्तर आहेत हे मात्र सांगितलं नाहीस! अगं, ज्या गृहस्थाचा उभा जन्म घड्याळाकडे बघण्यात गेला, त्याला तू शिंप्याच्या हवाली केलंस? तुझ्यापासून काय लपवायचं, निम्म्या गावाचे कपडे माझ्या दुकानात कच्च्या टाक्यावर पडून आहेत. मी खोटं बोलत नाही गं. वायदा देताना मला मनापासून वाटतं की होईलच. पण वायद्याचा दिवस माझ्याआधी उठून बसतो. म्हणून मी एरवी मागच्या दाराने ये-जा करतो. आता त्याच गावातून भर दिवसा, स्टेशनमास्तरांना घेऊन, मिरवत जायचं!

आधी जुन्या मशिदीत गेलो. इतकी वर्षं तिच्या शेजारी मशीन चालवतोय, पण आत पाऊल टाकलं नव्हतं, कारण दारात चपला सांभाळणारे चाचा माझं गिऱ्हाईक. (कोट. लोकरी. विचारू नकोस.) धुळीचं निमित्त करून मी नाकातोंडाला रुमाल बांधला. पण चाचांनी जन्मभर माणसं चपलांवरून ओळखलेली. माझी चप्पल हातात घेतली आणि रुमाल फुकट गेला. बरं, ओरडावं तरी! देवाच्या दारात कशाला आवाज चढवायचा म्हणून अगदी हळू, मायेनं विचारलं, की बाबा, ही थंडीसुद्धा अशीच काढू का? मास्तर घुमटाकडे बघून तो कधी बांधला, किती दिवसांत बांधला, असं विचारत होते. (दिवसांतच विचारत होते! मला घाम फुटला.) चाचांचं बोलणं कानावर पडताच त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं.

मग म्हटलं, तलावावर जाऊ, पाण्यावर कोण गिऱ्हाईक भेटणार? नावाडीच भेटला. त्याची जाकिटं माझ्याकडे आहेत हे मी साफ विसरलो होतो, तो नव्हता विसरला. ऐन मध्यावर त्याने वल्ही आत घेतली आणि विषय काढला. आता मी पळणार कुठे? मुलाच्या आईला वाटलं नावेत पाणी शिरलं; घाबरून विचारू लागल्या, आपण बुडतोय का? मी म्हटलं, मी बुडतोय, तुम्ही निवांत बसा. त्यातच काठावर उतरताना मास्तरांनी टांग जरा लांब टाकली आणि त्यांची विजार मागून टर्रकन फाटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कॉलरखाली सुई-दोरा असतोच. पायरीवर त्यांना पालथं निजवलं, बाईंनी छत्रीचा आडोसा धरला आणि मी रफू केलं. नंतर ते बोटांनी चाचपत राहिले, जागा काही सापडेना. म्हणाले फक्त 'हं'. ताई, या 'हं'चा अर्थ काय लावायचा? मी वाटभर तेच उगाळत होतो.

जुन्या पेठेत तर दैना उडाली. या खिडकीतून हाक, त्या ओट्यावरून हाक. तांबटांच्या आळीत मी घागरींच्या उतरंडीमागे लपलो, तर बाईंना वाटलं मी त्यांच्यासाठी घागर निवडतोय. त्याही शेजारी येऊन निवडू लागल्या. गिऱ्हाइकं चुकवत बोळांत वळत गेलो आणि स्वतःच्याच गावात वाट चुकलो. बाहेर पडलो तो नेमका मशिदीच्या दारात, चाचांपुढे! तिथे मास्तरांनी त्यांना सरळच विचारलं, की एवढा छळ सोसता, तर दुसरा शिंपी का बघत नाही? चाचा म्हणाले, "दुसरा वेळेवर देतो हो, पण त्याचा कोट खांद्यावर बसत नाही." मास्तर पुन्हा 'हं' म्हणाले. गाडीत बसताना 'कळवतो' म्हणाले, आणि गाडी गेली. तीही वेळेवर.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. पोरगी माझ्या मशीनखाली चिंध्यांशी खेळत वाढली. मुलगा तिच्या मनात भरलाय हे मला तिच्या आवाजावरून कळतं. माझ्या वायद्यांपायी तिचं मोडलं, तर मी तिला तोंड कसं दाखवू? रागाव, दोन शिव्या दे, पण उत्तर लगेच धाड.

तुझा काळजीने अर्धा झालेला,
भाऊ

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मास्तरांचा फोन. स्थळ पसंत! तुलाही कळवताहेत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं गं. वर म्हणाले, नवऱ्या मुलाचा कोट तुम्हीच शिवायचा, आणि माझाही. तुमच्या हातचं पाहिल्यावर दुसरीकडे कापड टाकायला मन होत नाही. लग्नाच्या तारखेपर्यंत होतील ना, असं जरा दरडावून विचारलं. मी म्हटलं, अहो, पोरीचा मामा आहे मी, आधीच तयार ठेवतो!

पुन्हा ता. क. ताई, लग्नाची तारीख जरा पुढे ढकलता येईल का? कारण काहीही सांग, फक्त माझं नाव घेऊ नकोस. फार नाही, थोडीच. नेमकी किती, ते परवा नक्की कळवतो.